दुकानाची पायरी : धुळे-जळगावच्या बाजारपेठेची दोन शतके

सकाळी दहाच्या सुमारास धुळ्याच्या आग्रा रोडवरून जाऊ लागले, म्हणजे एक जुने दृश्य अजूनही नजरेस पडते. दुकानदार शटर वर सारतो, पायरीवर पाणी शिंपडतो, गल्ल्यापाशी उदबत्ती लावतो आणि भवानीची वाट पाहत बसतो. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपल्याकडे भवानी म्हणतात. भवानीचे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ देऊ नये, चार पैसे कमी आले तरी चालतील, असा व्यापाऱ्यांचा पूर्वापार संकेत आहे. पूर्वी दुकान उघडल्यावर अर्ध्या तासात भवानी होत असे. आता दुपारचे बारा वाजले तरी ती होत नाही, असे सांगणारे दुकानदार आम्हांला धुळ्यात भेटले, तसेच जळगावच्या फुले मार्केटातही भेटले. त्यांच्याशी आम्ही बोलत असतानाच पाठीवर भलीमोठी पिशवी अडकविलेला एक तरुण दुचाकीवरून समोरून निघून गेला. त्या पिशवीत त्याच पेठेतील घरांनी दूरवरून मागविलेल्या वस्तू होत्या. कदाचित त्याच दुकानात मिळणारा शर्ट, तीच चप्पल आणि तोच मिक्सरही त्यात असेल.

हे दृश्य पाहून हळहळणे सोपे आहे. परंतु हळहळ हे इतिहासाचे काम नव्हे. बाजारपेठ कशाने उभी राहते आणि कशाने ओसरते, हे समजून घ्यावयाचे तर आपल्या खानदेशाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. म्हणून थोडे मागे जाऊ या.

खानदेशचा व्यापार मुळात रस्त्याचा व्यापार. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरकडे आणि तेथून उत्तरेकडे जाणारा मोठा मार्ग तापीच्या खोऱ्यातून जात असे. १६१५ साली इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून मोगल दरबाराकडे निघाला, तो नंदुरबारवरून बुऱ्हाणपुरास गेला. कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या धरणगावात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. आज धरणगावातून जाताना, येथे एके काळी परदेशी व्यापारी कापड खरेदीसाठी तळ ठोकून असत, हे कोणाच्या मनातही येणार नाही. सुरतेचे महत्त्व मुंबईकडे गेले, मार्ग बदलले आणि त्या मार्गांवरच्या पेठांचे तेजही उतरले. पेठ ओसरण्याची आपल्या भागातील ही पहिली गोष्ट नव्हे आणि शेवटचीही नव्हे, हे येथेच ध्यानात ठेवावे.

१८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने १८१९ साली धुळे हे आपले मुख्य ठाणे म्हणून निवडले. त्या वेळी धुळे हे पांझरा नदीच्या काठी वसलेले, जेमतेम अडीच हजार वस्तीचे गाव होते. लढाया, लूट आणि दुष्काळ यांनी सारा मुलूख उजाड झाला होता. ब्रिग्जने सरळ आणि रुंद रस्त्यांची नवी पेठ आखली. व्यापाऱ्यांना व कारागिरांना बाहेरून बोलावून घेतले, त्यांना घरे-दुकाने बांधण्यासाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, बांधकामासाठी उचल रकमाही दिल्या. धुळ्याची पेठ ही अशी विचारपूर्वक वसविलेली पेठ आहे. आजही धुळेकर आपला पत्ता ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असाच सांगतो. मुंबईहून आग्ऱ्याकडे जाणारा हमरस्ता गावातूनच जात असल्याने दुकानांची रांग त्याच रस्त्यावर लागली आणि पेठेला नावही रस्त्याचेच मिळाले. पुढे महामार्ग गावाबाहेरून गेला, तरी पेठेचे नाव आग्रा रोड हेच राहिले.

रस्त्याने धुळे घडविले, तर रेल्वेने जळगाव घडविले. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा खानदेशातून गेला आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे असलेले धुळे मात्र मार्गापासून दूर राहिले. नेमक्या त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव चढले. खानदेशची काळी जमीन कापसाची. जळगावचे स्टेशन त्या कापसाच्या वाटेवरचे. काही वर्षांतच जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. मुंबईचे कापडव्यापारी मूळजी जेठा यांच्या घराण्याशी जोडलेली खानदेश मिल येथे उभी राहिली. सराफ बाजार भरभराटीला आला. धुळ्याला चाळीसगावहून रेल्वेचा फाटा मिळाला तो १९०० साली, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशचे ठाणे धुळ्यास राहिले, पूर्व खानदेशचे जळगावास आले. लोहमार्ग चार पावले इकडे वळला की तिकडे, यावर दोन शहरांचे नशीब ठरले.

या पेठांचा खरा आधार गिऱ्हाइकाच्या खिशातील रोकड हा नव्हताच. तो आधार होता खातेवहीचा. आपल्याकडे शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो कापूस विकल्यावर. सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होते. लेकी माहेरी येतात त्याही आखाजीला. बांगड्या, लुगडी, चोळ्यांची खरेदी होते तीही त्याच दिवसांत. नेमका तेव्हा घरात पैसा नसे. अशा वेळी कापडदुकानदार थानातून कापड फाडून देई आणि वहीत लिहून ठेवी. हिशेब फिटे तो दिवाळीच्या आगेमागे. लग्न, बाळंतपण, आजार, मुलांची शाळा, नाताळचे नवे कपडे, या सर्व गोष्टी त्या लाल वहीच्या पानांवरून पुढे सरकत असत. दुकानदाराला गिऱ्हाइकाचे शेत किती, मुलगा काय करतो, पाऊस कसा झाला, हे सारे ठाऊक असे. कोणाला किती उधार द्यावे, हे तो या माहितीवर ठरवी.

परंतु या वहीचा दुसरा अर्थही सांगितला पाहिजे. नाही तर आम्ही वाचकांची फसवणूक केल्यासारखे होईल. ज्याला वाचता येत नव्हते, त्याला वहीत काय लिहिले आहे हे कळत नव्हते. सातपुड्यातून उतरून बाजाराला येणाऱ्या आदिवासी बांधवाला मापात, वजनात आणि हिशेबात किती वेळा कमी मिळाले, याची नोंद कोणत्याच वहीत नाही. उधारीचे रूपांतर कर्जात आणि कर्जाचे रूपांतर जमीन गमावण्यात झाल्याच्या कथा खानदेशात घरोघर आहेत. १९७० च्या दशकात शहादा भागात आदिवासींची जी मोठी चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हातच्या गेलेल्या जमिनींचे दुःख होते. दुकानाच्या पायरीवर सर्वांना सारखा मान मिळत होता, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पायजमा-टोपीतला शेतकरी आणि बूट-पाटलोणीतला साहेब यांना दाखविण्यात येणारे थान वेगळे असे. बोलण्याची रीतही वेगळी असे.

घरबसल्या दुरून माल मागविण्याची कल्पना आजची आहे, असे आपण समजतो. पण तसे नाही. १८७७ साली टपालखात्याने व्ही.पी.पी.ची सोय सुरू केली. मालाचे पार्सल पोस्टमन घरी आणी; पैसे त्याच्या हाती द्यावयाचे आणि पार्सल सोडवून घ्यावयाचे. जुन्या मराठी मासिकांची शेवटची पाने चाळली, तर औषधे, घड्याळे, पुस्तके, सुगंधी तेले अशा नाना वस्तूंच्या जाहिरातींत ‘व्ही.पी.ने पाठवू’ हे शब्द हटकून आढळतात. वस्तू दारात आल्यावर पैसे देण्याची जी पद्धत आजच्या तरुणांना नवी वाटते, ती आपल्या पणजोबांच्या ओळखीची होती. अमेरिकेत तर हा व्यापार फार मोठा झाला. तेथे माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८७२ साली यादी छापून टपालाने माल विकण्यास आरंभ केला. सीअर्स या पेढीची जाडजूड यादी पुढे शेतकऱ्यांच्या घराघरांत पोहोचली. तेथील लहान गावांतील दुकानदारांनी या टपाली व्यापाराविरुद्ध मोठी ओरड केली होती. आज आपल्या पेठेत जे शब्द ऐकू येतात, जवळजवळ तेच शब्द तेथे सव्वाशे वर्षांपूर्वी उच्चारले गेले. गंमत अशी, की त्याच सीअर्सने १९९३ साली आपली प्रसिद्ध यादी बंद केली आणि २०१८ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्याची पेठ उठविणाऱ्यालाही काळ सोडत नाही.

मग व्ही.पी.पी.ने आपल्या पेठा का मोडल्या नाहीत? कारण यादी छापावी लागे, पत्र लिहावे लागे, माल येण्यास आठवडे लागत आणि न आवडलेली वस्तू परत करणे जिकिरीचे असे. दुकान जवळ होते, हाच त्याचा बचाव होता. हा बचाव ढासळला तो गेल्या पंधरा वर्षांत.

त्यापूर्वीचा काळ मात्र खानदेशच्या दुकानांचा मोठा उमेदीचा काळ होता. जळगावात नगरपालिकेने मोठमोठी व्यापारी संकुले बांधली. फुले मार्केट तयार कपड्यांसाठी आणि गोलाणी मार्केट पुढे संगणक व मोबाइल फोनसाठी प्रसिद्ध झाले. चोपडा, यावल, एरंडोल, जामनेर येथील माणसे लग्नाचा बस्ता बांधण्यास जळगावला येत. साक्री, शिरपूर, शिंदखेडा येथील माणसे धुळ्याला जात. दूरचित्रवाणीने नव्या वस्तूंची हौस लावली आणि ती हौस दुकानांनी भागविली. शिंपी मागे पडला, तयार कपडे आले; कल्हईवाला गेला, स्टीलची भांडी आली; रेडिओ दुरुस्त करणारा गेला, कॅसेटचे दुकान आले आणि तेही गेले. काचेच्या खोक्यातील एस.टी.डी. बूथ दहा-पंधरा वर्षे झळकला आणि दिसेनासा झाला. पेठ तीच राहिली, फळ्या मात्र बदलत गेल्या.

भारतात या नव्या व्यापाराने मूळ धरले ते पुस्तकांच्या निमित्ताने. २००७ साली बंगळुरूत फ्लिपकार्ट ही कंपनी पुस्तके विकण्यासाठी स्थापन झाली. २०१० साली तिने वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची सोय केली आणि बँकेचे कार्ड नसलेल्या घरांचीही दारे तिला उघडली. २०१३ च्या जूनमध्ये अ‍ॅमेझॉन ही अमेरिकन कंपनी भारतीय बाजारात उतरली. २०१४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, फ्लिपकार्टने मोठ्या सवलतीचा जो एक दिवस जाहीर केला, त्या दिवशी गिऱ्हाइकांची अशी झुंबड उडाली की कंपनीला मागाहून क्षमा मागावी लागली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा रद्द झाल्या आणि रोखीवर चालणारी आमची पेठ कित्येक आठवडे थंडावली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली. त्या दिवसांत घराघराला धान्य पुरविले ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाने. पण कापड, पादत्राणे, भांडी यांची दुकाने बंद राहिली आणि दाराशी माल मागविण्याची सवय ज्यांना नव्हती, त्यांनाही ती लागली. आग्रा रोडच्या कापडदुकानदाराला एकामागून एक बसलेले हे धक्के सहा वर्षांच्या आतले आहेत. नियतीचा विनोद असा, की ज्या फोनवरून ही सारी खरेदी होते, तो फोन अनेकांनी गोलाणी मार्केटातूनच घेतला होता.

येथे दुकानदारांची एक तक्रार न्यायाने ऐकली पाहिजे. ते म्हणतात, ‘स्पर्धेला आम्ही भीत नाही, पण आमच्या खरेदीच्या भावापेक्षाही कमी भावाने कोणी विकू लागला, तर त्याला स्पर्धा म्हणावे काय?’ परकीय भांडवलावर चालणाऱ्या अशा कंपन्यांनी स्वतःचा माल विकू नये, केवळ विक्रेते व गिऱ्हाईक यांची गाठ घालून द्यावी, असा सरकारी नियम आहे. एकाच विक्रेत्याचा वाटा चतुर्थांशाहून अधिक नसावा, असे २०१६ साली ठरले. २०१८ च्या डिसेंबरात नियम आणखी कडक झाले. तरीही नियमांना बगल दिली जाते, या दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०२० च्या जानेवारीत चौकशीचा आदेश दिला. लहान दुकानदाराने स्वतःच या नव्या बाजारात उतरावे म्हटले, तर तेथेही अडचण होती. उलाढाल कितीही थोडी असली, तरी अशा विक्रीसाठी वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची होती. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली ती १ ऑक्टोबर २०२३ पासून. तोवर बरीच गिऱ्हाइके निघून गेली होती.

सर्व दोष मात्र दूरच्या कंपन्यांवर टाकून चालणार नाही. जळगावात पालिकेच्या संकुलांतील अनेक गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ साली संपली आणि नव्या भाड्याचा वाद वर्षानुवर्षे चिघळत राहिला. ज्या दुकानदाराला गाळा आपल्या हाती राहील की नाही याचीच खात्री नाही, तो त्यात नवा पैसा कशाला घालील? वाहन ठेवण्यास जागा नाही आणि खेड्याहून दिवसभरासाठी आलेल्या बायकांना स्वच्छतागृह नाही, ही आमच्या पेठांची जुनी दुखणी आहेत. शिवाय ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आम्हीच भिंतीवर मिरविली. पावती मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आम्हीच कपाळाला आठ्या घालून पाहिले. आज तळोद्याच्या एखाद्या मुलीला पुण्याच्या मुलीसारखाच कपडा त्याच भावात मिळतो, आवडला नाही तर परत करता येतो आणि विकणारा तिच्या पेहरावाकडे किंवा आडनावाकडे पाहत नाही. दुकानाच्या पायरीवर जे तिच्या आजीला मिळाले नाही, ते तिला फोनवर मिळाले असेल, तर तिला दोष कोण देणार?

तरीही आमच्या मनात एक प्रश्न राहतोच. रस्त्याने धरणगावची पेठ ओसरली, तेव्हा धुळे उभे राहिले. धुळे मागे पडले, तेव्हा जळगाव उभे राहिले. व्यापार एका गावातून उठला, तरी खानदेशातच दुसरीकडे वसला. व्यापाऱ्याने मिळविलेल्या पैशाचा काही अंश त्याच भूमीत मुरला. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय किंवा अमळनेरचे प्रताप महाविद्यालय यांच्या नावांत ही गोष्ट कोरलेली आहे. गावची व्याख्यानमाला, वाचनालय, गणेशोत्सव, चर्चची जत्रा, मुलांच्या खेळांची बक्षिसे, या सर्वांच्या वर्गणीचे पावतीपुस्तक प्रथम फिरते ते पेठेतूनच. नवा व्यापारी आमच्या गावात राहत नाही. त्याच्या गोदामापुढे पावतीपुस्तक घेऊन उभे राहता येत नाही. नव्या व्यापारानेही काही तरुणांना काम दिले, हे खरे. परंतु दुकानात नोकरीला लागलेला पोरगा दहा वर्षांत कापड ओळखू लागे, हिशेब शिके आणि पुढेमागे स्वतःचे लहानसे दुकान थाटी. पाठीवर पिशवी घेऊन धावणाऱ्या तरुणापुढे अशी कोणती पायरी आहे, हे आम्हांला अजून दिसलेले नाही.

कोठून घ्यावे, हा केवळ पैशाचा प्रश्न नाही, हे खानदेशाने पूर्वीही एकदा ऐकले आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तेथे खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले होते आणि महात्मा गांधी त्यासाठी आले होते. खादी महाग पडे, जाडीभरडी असे. तरी ती घेणाऱ्याला आपला पैसा कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचतो हे ठाऊक असे. त्या काळचे उत्तर आज जसेच्या तसे लागू पडणार नाही. फोन टाकून द्या, असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमच्याही घरी पार्सले येतात. परंतु तो प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

म्हणून थोड्याच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दुकानात जाऊन चप्पल पायात घालून पाहावी, माप पक्के करावे आणि बाहेर येऊन तीच चप्पल फोनवरून मागवावी, हे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्याचा वेळ घेतला, त्याला त्याचे मोल द्यावे. अडचणीच्या दिवसांत ज्याच्या वहीवर आपले घर चालले, त्याची उधारी पैसा हाती येताच प्रथम फेडावी. दुकानदारांनीही पावती द्यावी, खराब निघालेला माल विनातक्रार बदलून द्यावा आणि दुरुस्ती, मापाचे कपडे, पारखून घेण्याचे दागिने अशी जी कामे दुरून होत नाहीत, त्यांत आपले कसब वाढवावे. जळगावचा सराफ बाजार अजून गजबजलेला आहे, तो याचमुळे. सोने माणूस विश्वासाच्या माणसाकडूनच घेतो.

दोनशे वर्षांपूर्वी ब्रिग्जने उजाड मुलखात पेठ वसविली, तेव्हा त्याने प्रथम माणसांना राहण्यास जागा दिली. व्यापार त्यामागून आला. पेठ म्हणजे एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची वस्ती, हे त्याला कळले होते. आज ती वस्ती टिकवावयाची की नाही, हे कोणताही साहेब ठरविणार नाही. ते तुम्ही-आम्ही आपल्या दररोजच्या खरेदीने ठरवीत आहोत. पुढच्या वेळी एखादी लहानशी वस्तू घ्यावयाची असेल, तेव्हा वाचकांनी सकाळच्या वेळी पेठेत एक फेरी मारावी. पायरीवरचे पाणी अजून वाळलेले नसेल आणि कोणी तरी भवानीची वाट पाहत असेल.